शिवप्रताप दिनाला प्रतापगडावर जोडीनं जायचंय, पोशाख काय करावा?

कृष्णाकाठचा (सांगली)

मंडळी, लग्नानंतरचं आमचं पहिलंच वर्ष. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, म्हणजे शिवप्रताप दिनाला, बायकोला घेऊन प्रतापगडावर जायचं ठरवलंय. ती म्हणते, नुसतं बघायला नाही, त्या काळच्या वेशात जायचं. तिला नऊवारी नेसायचीय आणि मी अंगरखा-जिरेटोप घालावा असं तिच्या मनात आहे. दोघांनीही असं आधी कधी केलेलं नाही. नऊवारीत गड चढणं जमेल का? किती वाजता पोहोचावं? आणि पालखी झाल्यावर बाकीचा दिवस काय करता येतं?

मेढ्याची सून

आम्ही नवरा-बायको बारा वर्षं न चुकता जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जिरेटोपाचं. तो घालू नका. तो महाराजांचा, आपण त्यांची माणसं. सुती बाराबंदी, गुडघ्याखाली घट्ट बसणारा चोळणा, कमरेला शेला आणि डोक्याला पागोटं बांधा. बाराबंदीचे बंद एकट्यानं नीट बांधले जात नाहीत, ते बायकोकडून बांधून घ्या. आमचा तो दिवस तिथूनच सुरू होतो. पहाटे साडेचारला मी यांचे बंद बांधते आणि हे माझ्या काष्ट्याच्या निऱ्या धरतात.

नऊवारी शिवलेली घेऊ नका. पहिल्या वर्षी मी एका दुकानातून तयार आणली होती. पायऱ्या चढताना काष्ट्याची शिवण उसवली आणि उरलेला दिवस यांचा शेला गुंडाळून काढला. नेसलेलं लुगडं सुटलं तर आडोशाला जाऊन पुन्हा खोचता येतं, उसवलेली शिवण गडावर कोण शिवणार? सुती इरकल घ्या. शेतात जाणाऱ्या बायका नेसतात तशी, पोटऱ्यांपर्यंत उंच आणि मागं काष्टा घट्ट खोचून. आधी आठवडाभर घरातल्या घरात नेसून जिने चढा-उतरायची सवय करायला सांगा. नथ दाबाची घ्या. नव्या कोल्हापुरी पायात नकोत, दवानं ओल्या दगडावर घसरतात.

पहाटे थंडी चांगलीच असते, घोंगडं बरोबर असू द्या. साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटानं वाडा कुंभरोशीपर्यंत उतरायचं आणि मग गडाचा फाटा. घाटात धुकं असलं तर वेळ लागतो, म्हणून अंधारातच निघा. सकाळी भवानीमातेची पूजा होते आणि मग पालखी मंदिरापासून पुतळ्यापर्यंत जाते. पुतळ्याजवळ आधीच जागा धरून बसण्यापेक्षा मंदिरापासून पालखीबरोबर चाला. सनई-चौघडा कानाशी आणि भंडारा अंगावर, हे लांबून मिळत नाही.

त्यानंतर मर्दानी खेळ. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जाते. लाठी, फरी-गदका (छोटी ढाल आणि काठी), आणि विटा: भाल्याला दोरी असते, तिचं दुसरं टोक मनगटाला, फेकलेलं हत्यार खेचून परत हातात. दांडपट्टा तर 2024 मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. खेळ संपल्यावर वस्तादांना नमस्कार करून विचारलंत तर जवळून दाखवतात. तिसऱ्या वर्षी मी पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणात, हात घातला होता. मूठ आत आडवी असते, कोपरापर्यंत हात लोखंडात. मनगट वळतच नाही, सगळा फिराव खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. बघताना वाटतं पातं फिरतंय. हातात घेतल्यावर कळतं, माणूस फिरतो.

आणि एक सांगायचंच आहे. एका वर्षी वस्तादांनी विचारलं, तळहातावर लिंबू कोण धरणार? आमचे हे चारचौघांत तोंड न उघडणारे, पण उठून पुढं गेले. हात लांब केला तेव्हा त्यांनी वस्तादांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मीही नजर हलवली नाही. पट्टा आला कधी, गेला कधी समजलं नाही. लिंबाची दोन शकलं आणि तळहातावर ओरखडासुद्धा नाही. सप्तमीच्या आदल्या दिवशी चंपाषष्ठी असते, त्यामुळे आमच्या डब्यात वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे असतातच. तटावर मकरंदगडाकडं तोंड करून बसलो आणि तेच लिंबू भरितावर पिळलं. बारा वर्षांतलं ते जेवण मला आजही जिभेवर आहे.

गडवाट

ताईंनी सगळं सांगितलंय, फक्त तारखेचा घोळ करू नका. अफजलखानाची भेट झाली 10 नोव्हेंबर 1659 ला, गडावरचा सोहळा मात्र तिथीनं होतो. त्यामुळे दर वर्षी दिनदर्शिका बघूनच रजा टाका. भवानीमातेची स्थापना 1661 ची आणि अश्वारूढ पुतळा 1957 चा, म्हणजे पालखी तीन शतकांचं अंतर चालून जाते. सांगलीहून येताय तर आदल्या दिवशी साताऱ्यात मुक्काम करून छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय बघा. लंडनहून आलेली वाघनखं 2024 मध्ये आधी तिथंच मांडली होती. तिथली हत्यारं बघून गडावर गेलात की खेळ वेगळा दिसतो.

जिरेटोपाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. लहान पोरांना घालू द्यावा, पोरं त्यातूनच विचारायला लागतात. मोठ्यांनी मात्र पागोटंच.

कृष्णाकाठचा (सांगली)

ताई, तुमचं उत्तर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचत लिंबापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "हात मी धरणार, तुम्ही माझ्याकडं बघायचं." माझ्या आजीनं पेटीतली इरकल काढून दिलीय, आज संध्याकाळी ती नेसून आमचा जिना तीनदा चढून झाला. बाराबंदीला किती कापड लागतं तेवढं सांगा, उद्या शिंप्याकडं जायचंय.

मेढ्याची सून

शिंपी मापावरून सांगेल, पण बंद दुहेरी कापडाचे शिवायला सांगा. एकेरी असले की पीळ पडतो आणि गाठ बसत नाही. आम्ही मंदिरापाशीच असतो. यांचं पागोटं मोरपंखी आहे, ओळखा आणि हाक मारा. रोडगे चार जास्त आणते.