गाडी घेताना स्टार आणि भावाचे आकडे किती धरायचे?

*ए-७०४ (ताई):* नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे. चार वर्षं वापरलेली हॅचबॅक की नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, अजून ठरत नाहीये. नेटवर एकीला ४.६ स्टार आहेत, दुसरीला ४.१. जुन्या गाडीचा भाव तीन साइटवर पाहिला, तर तिन्हींचे आकडे वेगळे. यातलं धरायचं काय?

*बी-२०१ (काका):* ताई, आधी तो ४.६ कशाचा आहे ते बघा. क्रॅश टेस्टचे स्टार, मालकांच्या सर्वेक्षणातून निघालेला बिघाडांचा आकडा, परीक्षकाने दोन दिवस चालवून दिलेलं मत आणि साइटवर कुणीही टाकलेले स्टार, या सगळ्याला आपण 'रेटिंग'च म्हणतो. सगळ्यात कच्चे ते शेवटचे. तिथे लिहायला फार खूश असलेले आणि फार वैतागलेलेच आवर्जून येतात. ज्याची गाडी निमूट चालते तो कशाला लिहील? त्यात बरेच जण पहिल्या महिन्यातच लिहितात. तेव्हा क्लच, सस्पेन्शन, एसी सगळं नवंच असतं.

*सी-१०३ (दादा):* म्हणून ५ आणि १ स्टारवाले सोडा, ३ स्टारवाले वाचा. तिथे माणूस काय आवडलं, काय खटकलं, दोन्ही लिहितो. आणि गाडीच्या नावावर जाऊ नका, इंजिन, गिअरबॉक्स आणि मॉडेल वर्ष तिन्ही जुळतंय का बघा. तीच गाडी मॅन्युअलमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते आणि ड्राय ड्युअल क्लचमध्ये (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डोकेदुखी होऊ शकते. रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट पकडीत राहतो, तापतो, मग गाडी उचलताना थरथरते. सरासरी स्टारमध्ये हे दिसत नाही. एकाच भागाची तक्रार, साधारण तेवढ्याच किलोमीटरला, पाच-सहा वेगवेगळ्या मालकांनी लिहिली असेल तर ती खरी धरा.

*ए-७०४ (ताई):* आणि मोठी सर्वेक्षणं? जे. डी. पॉवर, कन्झ्युमर रिपोर्ट्स वगैरे?

*बी-२०१ (काका):* ती बरीच भक्कम, पण काय मोजलंय ते वाचूनच. जे. डी. पॉवर ही मालकांना विचारून सर्वेक्षण करणारी अमेरिकन कंपनी, तिची दोन सर्वेक्षणं लोक हमखास एकमेकांत मिसळतात. 'इनिशियल क्वालिटी' म्हणजे नव्या गाडीचे पहिले ९० दिवस. 'डिपेंडेबिलिटी' म्हणजे तीन वर्षं वापरलेली गाडी. आकडा दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी असा येतो, म्हणजे जितका कमी तितका चांगला. पण त्या मोजणीत गिअरबॉक्स गेला हीही एक तक्रार आणि फोन स्क्रीनला जोडला जात नाही हीही एकच. टिकाऊपणा बघायचा असेल तर एकूण आकडा सोडून इंजिन-गिअरबॉक्सचा भाग वेगळा दिलाय का ते शोधा. जाहिरातीत त्यांचा पुरस्कार झळकतो, तो वापरायला कंपनी परवान्याचे पैसे देते. त्याने निकाल खोटा ठरत नाही. फक्त पुरस्कार न मिळालेलं वर्ष जाहिरातीत कधीच येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहकांची संस्था १९३६ पासून आहे. जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते. तरीही अगदी नव्या मॉडेलबद्दल ते जो विश्वासार्हतेचा अंदाज देतात तो जुन्या मॉडेलवरून आणि त्या कंपनीच्या इतिहासावरून बांधलेला असतो. इंजिन-गिअरबॉक्स पूर्ण नवा असेल तर तो अंदाज सैल धरा.

*डी-५०२ (वहिनी):* क्रॅश टेस्टबद्दल मी सांगते, इथे सगळ्यात जास्त गफलत होते. स्टारसोबत *वर्ष* वाचल्याशिवाय पुढे जायचंच नाही. फियाट पुंटोला युरो एनकॅपने (युरोपात क्रॅश टेस्ट करणारी संस्था) २००५ मध्ये ५ स्टार दिले होते आणि २०१७ मध्ये शून्य. गाडी बिघडली नव्हती, मधल्या काळात कसोटी कडक झाली. त्यामुळे जुन्या हॅचबॅकचे ५ आणि नव्या गाडीचे ४ शेजारी ठेवून तुलना करूच नका.

दुसरं म्हणजे वजन. समोरून धडकेचा निकाल साधारण सारख्याच वजनाच्या गाड्यांत तोलता येतो. छोट्या गाडीचे ५ स्टार म्हणजे मोठ्या एसयूव्हीशी टक्कर झाली तरी तेवढीच सुरक्षित, असं नाही.

तिसरं म्हणजे व्हेरिअंट. चाचणी झालेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या, स्थिरता नियंत्रण होतं का, आणि तुम्ही घेताय त्यात ते आहे का? अहवालाच्या पहिल्या पानावर असतं. तेवढं एक पान वाचाच, कृपया.

*ए-७०४ (ताई):* हे मला माहीतच नव्हतं. आणि भावाचं?

*सी-१०३ (दादा):* तीन साइटचे तीन आकडे यायचं मुख्य कारण म्हणजे त्या तीन वेगळे भाव सांगत असतात. डीलरला गाडी दिली तर मिळणारा भाव सगळ्यात कमी, मालकाकडून थेट घेतली तर मधला, डीलरकडून घेतली तर सगळ्यात वरचा. अमेरिकेतलं केली ब्लू बुक १९२६ पासून हेच काम करतंय, तेही हे भाव वेगवेगळेच देतं. तुम्ही मालकाकडून घेताय आणि हातात डीलरच्या विक्रीचा आकडा, म्हणजे बोलणी सुरू व्हायच्या आधीच जास्त देऊन बसलात.

काही साइट नुसत्या जाहिरातींतल्या किमतींची सरासरी काढतात. ती *मागितलेली* किंमत. व्यवहार कितीला मिटला ते तिथे नसतं. एकच गाडी दोन महिने जाहिरातीत तशीच असेल, तर तिची किंमत बाजाराने नाकारली आहे असं समजा.

तिसरी अडचण 'कंडिशन'ची. विकणारा नेहमी 'एक्सलंट' निवडतो. केली ब्लू बुकच्याच हिशेबाने तेवढ्या योग्यतेच्या गाड्या साधारण ३ टक्के. तुम्ही 'गुड' धरून आकडा काढा आणि त्यातून येऊ घातलेला खर्च वजा करा: टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट जवळ आला असेल तर तोही. अंदाजाने नाही, गॅरेजमधून कोटेशन घेऊन. असा कागद समोर ठेवला की घासाघीस आपोआप कमी होते.

*ए-७०४ (ताई):* पण कंडिशन मला कशी कळणार?

*सी-१०३ (दादा):* बॉनेट गार असताना जा, इंजिन आपल्यासमोर पहिल्यांदा सुरू झालं पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे असतील तर का बदलले ते विचारा. पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर कमी, हे जुळत नाही. सर्व्हिसच्या नोंदींतलं किलोमीटर वर्षागणिक वाढत गेलंय का तेही बघा.

पेंटची जाडी मीटरने मोजा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. एखादं दार ३०० च्या वर गेलं तर पुन्हा रंगवलंय, हजारच्या आसपास असेल तर खाली पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र हे साधं मीटर चालत नाही.

*बी-२०१ (काका):* ओबीडी स्कॅनरही लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र. 'एकही फॉल्ट नाही' एवढ्यावर खूश होऊ नका, त्यातलं 'रेडिनेस' बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या ('मॉनिटर') पूर्ण झाल्यात का. बरेच मॉनिटर 'नॉट रेडी' असतील तर फॉल्ट नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन-तीन दिवस गाडी चालू दे म्हणावं, मग पुन्हा तपासा.

आणि ताई, डिझेल बघत असाल तर तुमचं रोजचं अंतर किती? शाळा, बाजार, घर एवढंच असेल तर रेटिंग कितीही असो, डीपीएफवाली (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) डिझेल नको. साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवावं लागतं. लांब पल्ल्याच्या मालकांनी दिलेले ५ स्टार तुमच्या कामाचे नाहीत.

*डी-५०२ (वहिनी):* नव्या गाडीसाठी तीन डीलरना एकाच व्हेरिअंटचं, एकाच रंगाचं कोटेशन लेखी मागा: कर, विमा, नोंदणी, ॲक्सेसरी, वाढीव वॉरंटी, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत. साइटवर सूट मोठी दिसते आणि ती विमा-ॲक्सेसरीत परत वसूल होते. शेवटची एकूण रक्कमच ताडून बघा. कर्ज घेणार असाल तर हप्ता विचारू नका, एकूण किती फेडायचे ते विचारा.

*ए-७०४ (ताई):* रोज जेमतेम आठ-दहा किलोमीटर, तेही तुकड्या-तुकड्यांत. म्हणजे डिझेल बाद. हॅचबॅक पेट्रोल मॅन्युअल आहे, शनिवारी सकाळी बघायला जातेय. विकणाऱ्याला इंजिन गरम करून ठेवू नका म्हणून आत्ताच कळवते.

*सी-१०३ (दादा):* पेंट मीटर आणि स्कॅनर शुक्रवारी रात्री माझ्याकडून घेऊन जा. मीटर आधी छतावर लावा. तिथे सहसा मार लागलेला नसतो, म्हणून मूळ जाडी तिथे कळते. मग बाकीचे पत्रे त्याच्याशी ताडा.

*ए-७०४ (ताई):* नक्की येते. खूप आभार 🙏