मदत हवी आहे: साडेतीन वर्षांच्या लेकीसोबत चित्रं काढायला काय काय करता येईल?

नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. सध्याच्या उन्हात सकाळी दहानंतर लेकराला अंगणात सोडायची सोय नाही, त्यामुळे दुपारभर आम्ही दोघी घरातच. लेकीला चित्रांचं भारी वेड, पण खडू हातात घेतला की "आई, तूच काढ" सुरू होतं. मी बैल काढला की तिला अगदी तस्साच हवा असतो. तो जमत नाही म्हणून रडू येतं.

रंगवायची पुस्तकं आणली, त्यात ती थोडा वेळ रमते. पण दुसऱ्याच्या रेघेत रंग भरण्यापेक्षा तिच्या हातून तिचं काही उमटावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र छान जमली. शहाबादी फरशीवर वाटीभर पाणी आणि जुना ब्रश. ओली रेघ काळीभोर दिसते आणि बघता बघता वाळून जाते. चुकलं म्हणायला काही उरतच नाही, म्हणून असेल, तिथे ती मला हाक मारत नाही. असं आणखी काय करता येईल? हात अजून तोंडात जातो, त्यामुळे रंग घरातलेच बरे. तिला गोल काढता येतो, चौकोन नाही.

प्रतिसाद (परभणी)
ताई, मी बालवाडीत शिकवते. चौकोनाची घाई नको, तो बहुतेक लेकरांना चार वर्षांनंतरच जमतो. गोलालाच थेट हातपाय फुटले तर "पोट कुठंय?" विचारू नका, सगळ्यांचा पहिला माणूस तसाच असतो. भेंडी आडवी कापून हळदीच्या पाण्यात बुडवा आणि कागदावर ठसे उमटवू द्या, फुलं होतात. त्याच पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग तांबडा होतो. हे तिच्यासमोरच करा. गुलाबी हवा असेल तर बीट किसून पिळा.

प्रतिसाद (नांदेड)
तुम्ही बैल काढूच नका. तिला डोळे मिटून रेघोट्या मारू द्या, मग त्यात काय दिसतंय ते दोघी मिळून शोधा. शिंग दिसलं तर डोळा तिनंच काढायचा. आमच्या नातवाला पिंपळाचं पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासायलाही फार आवडतं, शिरा न् शिरा उमटते.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. भेंडी घरात आहे, आज दुपारीच करते. शहाबादीवर हळद सांडली तर डाग कशानं निघतो?