मदत हवी आहे: एमबीबीएसचे वर्ग सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत काय शिकावं?

हतनूरकाठ:
नमस्कार मंडळी. पुतणीची नीट परीक्षा झाली. गुण पाहता राज्य कोट्यातून सरकारी जागा मिळेल असं वाटतंय. पसंतीत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही टाकणार आहोत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र), म्हणजे गणित दहावीलाच सुटलं. वर्ग सुरू व्हायला तीनेक महिने आहेत. एक क्लासवाले ‘पहिल्या वर्षाची आगाऊ तयारी’ म्हणून ३० हजार मागताहेत. ते घ्यावं, की घरी ॲनाटॉमी (शरीररचना) वाचायला लावावी, की ऑनलाइन एखादा कोर्स? जाणकारांनी सांगावं.

सातपुड्याचा वारा:
भाऊ, ते ३० हजार खिशातच ठेवा. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिओ (शरीराचं काम) आणि बायोकेम (शरीरातलं रसायनशास्त्र) असतं, आणि ते कॉलेजात पहिल्या पानापासून शिकवतात. घरी पाठ केलेली ॲनाटॉमी डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलावर उभं राहिलं की निम्मी उडते, कारण शीर-धमनी-नस यांची जागा डोळ्यांनी आणि हातांनी लक्षात राहते. तुमच्या पुतणीची खरी कच्ची बाजू दुसरीकडे आहे: गणित. लॉगरिदम, गुणोत्तर, मोल, आलेख वाचणं हे येतं असं धरूनच तिथे पुढे जातात.

सुरुवात औषधाच्या दुकानातल्या ओआरएसच्या (जुलाबात पाण्यात कालवून देतात त्या) पुडीपासून करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरात असतेच. एक लिटरच्या पुडीवर लिहिलेलं असतं: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. प्रत्येकाला रेणुभाराने भागून मिलिमोल काढायचे, मग कण मोजायचे. उत्तर लिटरला २४५ च्या आसपास यायला हवं. पोरं दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक, सायट्रेटच्या एका रेणूतून तीन सोडियम सुटतात हे विसरतात. दुसरं, त्याचा रेणुभार पाण्याच्या दोन रेणूंसकट २९४ धरायचा असतो. हे जमलं की अख्खी पुडी एका ग्लासात कालवून का देत नाहीत तेही कळतं: द्रावण इतकं घट्ट होतं की आतड्यातून पाणी शरीरात जायच्या ऐवजी उलटं आतड्यात ओढलं जातं.

त्यानंतर रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा. ६.१ अधिक लॉग (बायकार्बोनेटला ०.०३ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब यांच्या गुणाकाराने भागून). बायकार्बोनेट २४ आणि दाब ४० घातला की भागाकार २०, लॉग १.३, पीएच ७.४. आता दाब तोच ठेवून बायकार्बोनेट १२ करा: भागाकार १०, लॉग १, पीएच ७.१. बायकार्बोनेट निम्मं झालं तरी पीएच ०.३ नेच का उतरला, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर बायोकेमची निम्मी भीती गेली. यासाठी अकरावी-बारावीचं समतोलाचं, द्रावणांचं आणि जैवरेणूंचं प्रकरण, एवढंच परत काढा. रोज दीड तास पुरे.

खापराची पोळी:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण इंग्रजी लेखन राहिलं. नीट म्हणजे गोळे काळे करणं. दोन वर्षांत एक परिच्छेद लिहिलेला नसतो, आणि पहिल्याच अंतर्गत परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्न येतो. रोज एक विषय घ्यायचा, समजा मूत्रपिंडाचं काम, आणि २० मिनिटांत एक पान: व्याख्या, आकृती, चार-पाच मुद्दे. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचून लाल पेनाने छाटायचं. भारी इंग्रजी नको, छोटी बरोबर वाक्यं हवीत.

वैद्यकीय शब्दांचे तुकडेही आत्ताच पाठ करा. हायपर (जास्त), हायपो (कमी), टॅकी (जलद), ब्रॅडी (मंद), आयटिस (दाह), एक्टमी, ऑस्टोमी, ऑटमी असे शंभरेक पुरतात. शेवटचे तीन सगळे एकमेकांत घालतात: अनुक्रमे काढून टाकणं, बाहेर तोंड करून ठेवणं, नुसता छेद घेणं.

गिरणाथडी:
संख्याशास्त्राचा एखादा ऑनलाइन कोर्सही करून ठेवावा असं सुचवेन. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट असतात.

सातपुड्याचा वारा:
संख्याशास्त्र कम्युनिटी मेडिसिनमध्ये (समाजाच्या आरोग्याचा विषय) लागतं, त्याची परीक्षा पुढच्या वर्षांत येते, तोवर विसरून जाईल. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन समजून घेतलं की आत्ता बस. प्रथमोपचार आणि सीपीआरचंही (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) तसंच. ते सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये पुतळ्यावर शिकवतात. नुसते व्हिडिओ बघून छाती किती दाबायची आणि पूर्ण वर येऊ द्यायची म्हणजे काय, हे हाताला कळत नाही.

खापराची पोळी:
एक विचारते, पुतणी अहिराणी बोलते का?

हतनूरकाठ:
नाही ताई, आमच्याकडे लेवा बोली. थोडी समजते.

खापराची पोळी:
मग धुळ्याला लागली तर अहिराणी कानावर पडू द्या. ‘पोट दुखस’, ‘चक्कर येस’ एवढं कळेल, पण दुखणं कधीपासूनचं, कसं, कुठून कुठे जातं हे विचारता आलं पाहिजे. नंदुरबारला पावरी आणि भिलोरी लागेल. बोलता नाही आली तरी शरीराच्या अवयवांची आणि दिवस मोजायची पन्नासेक नावं तिथल्याच माणसाकडून लिहून घ्यावी.

नंदुरबारचा विषय निघालाच आहे तर बारावीचं सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) नीट परत वाचू द्या, त्या भागात रोजचं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला बाळ आजारी निघायची २५ टक्के शक्यता. ‘चारांतलं एक’ असं ऐकून लोक समजतात की पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नसतं. आणि सोल्युबिलिटी चाचणीत वाहक आणि आजारी वेगळे कळत नाहीत, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) लागतं.

गिरणाथडी:
अभ्यासाबाहेरचं, पण हे कुणी सांगत नाही: हिपॅटायटिस बी. लहानपणीचं लसीचं कार्ड शोधा. तीन डोस झाले नसतील तर राहिलेले आत्ताच घ्यायला लागा. एकही झाला नसेल तर आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. वॉर्डात जाऊन सुई टोचल्यावर धावपळ नको. तिन्ही डोस झालेले असतील तर पुन्हा पहिल्यापासून घ्यायची गरज नसते, रक्तातलं अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं) तपासून घ्यायचं, १० किंवा वर आलं की झालं.

हतनूरकाठ:
कार्ड शोधतो. पुस्तकं आणि हाडांचा संच आत्ता घेऊ का?

सातपुड्याचा वारा:
जागा पक्की होईपर्यंत काही घेऊ नका. पसंती फेरीगणिक बदलते, आणि कुठलं पुस्तक चालतं ते त्या-त्या कॉलेजवर असतं. हाडं सीनियर्सकडून जुनी मिळतात. घेताना उजवं-डावं ओळखून घ्या, तोंडीत पहिला प्रश्न तोच असतो. फक्त हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ऊतींच्या) वहीसाठी गुलाबी आणि जांभळ्या रंगाच्या, ‘एच अँड ई’ म्हणतात त्या पेन्सिली तेवढ्या घेऊन ठेवल्या तरी चालेल, त्या सगळीकडे लागतात.