नासोनियाची मादी खरंच नर निवडते का?

प्रश्न: कोषवाली

माशीच्या कोषांतून निघणाऱ्या नासोनिया व्हिट्रिपेनिस या परजीवी गांधीलमाश्या गेले तीन आठवडे भिंगाखाली पाहतेय. दोन-अडीच मिलिमीटरचा जीव, पण पाहायला बसलं की उठवत नाही. नर आधी बाहेर पडतात. पंख आखूड, उडता येत नाही. कोषाच्या भोकापाशीच घुटमळतात आणि दुसरा नर आला की त्याला हुसकतात. मादी दिसताच एखादा तिच्या पाठीवर चढतो, पुढे सरकून तिच्या डोक्यावर पुढचे पाय रोवतो आणि मान हलवू लागतो. काही झटके, जरा थांबणं, पुन्हा झटके. मी मोजत बसते. मग एका क्षणी तिच्या मिशा खाली झुकतात, पोटाचं टोक वर येतं, नर झटकन मागे सरकतो. मीलन काही सेकंदांत संपतं.

मला कोडं पडलंय ते त्यानंतरचं. तो परत पुढे येतो आणि पुन्हा तशीच मान हलवतो! काम तर झालेलं असतं, मग कशासाठी? शिवाय दाराशी थांबलेला बहुधा तिचा सख्खा भाऊच असतो. याला निवड म्हणायचं का?

उत्तर: गंधवेडा

मानेपेक्षा तोंडाकडे पाहा. झटक्यांच्या प्रत्येक मालिकेत पहिल्याच झटक्याला नर मुखांगं बाहेर काढतो. खरं काम तिथून सुटणाऱ्या गंधाचं. तोंड चिकटवून बंद केलेले नर मान हलवत राहतात, पण मादी काही राजी होत नाही. मीलनानंतरच्या मान हलवण्याच्या फेरीमुळे तिची इच्छा मावळते. ती फेरी मध्येच तोडली तर दुसऱ्या नराला स्वीकारणाऱ्या माद्या बऱ्याच वाढतात. एरवी बहुतेकींना एकच मीलन पुरतं, कारण शुक्राणू साठवून ठेवता येतात.

निवड त्याच्याही आधी सुरू होते. नर पोटाचं टोक जमिनीला टेकवत कामगंधाच्या खुणा सोडतो. कुमारी मादी त्या खुणांकडे ओढली जाते, त्यातही गंध जास्त असेल तिकडे. शुक्राणू संपत आलेल्या नराचा गंधही कमी पडतो, म्हणजे त्या वासात तिला उपयोगाची माहिती मिळते. मीलन झालं की त्याच गंधाची ओढ संपते. मला या जातीतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

उत्तर: अर्धसूत्री

भावाबद्दल. यांच्यात अफलित अंड्यातून नर होतो, फलित अंड्यातून मादी. नासोनियाला भावाशी मीलन फारसं बाधत नाही. मुलगे बहिणींसाठी आपसातच झगडणार, म्हणून आई मुलगे मोजकेच घालते. उत्क्रांतिशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1967 मध्ये हे गणित मांडलं.

पण सगळ्या परजीवी गांधीलमाश्यांना ही मुभा नाही. ब्रॅकॉन हेबेटर या दुसऱ्या जातीत लिंग एकाच जनुकस्थानावर, म्हणजे गुणसूत्रावरच्या एकाच जागी ठरतं. तिथल्या आई-बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती सारख्या असल्या तर फलित अंड्यातूनही नर होतो, आणि असे नर बहुतेक जगत नाहीत. भावाशी जुळलं तर मुली गमावण्याचा धोका. त्यामुळे एकाच अळीवर सोबत वाढलेल्या नराला तिथली मादी टाळते. तुम्ही निवड शोधताय ना, ती इथे ठळक दिसेल.

कोषवाली

गंधवेडा, तुम्ही सांगितलंत तसं करून पाहिलं. मीलन होताच मऊ कुंचल्याने नर बाजूला केला आणि दुसरा सोडला. काही मिनिटांत तिने त्याच्यासाठीही मिशा खाली केल्या. शेजारच्या नळीत पहिल्या नराला फेरी पुरी करू दिली होती, तिथली मादी मिशा ताठ ठेवून नराला झटकत राहिली. एकेकाच जोडीवरून काही ठरत नाही हे मला कळतं, पण ते पाहताना श्वास रोखला गेला.

आता जास्त जोड्या लावायच्या आहेत, त्यासाठी कुमारी माद्या खात्रीने कशा मिळवू?

गंधवेडा

माशीचा कोष उघडा आणि आतल्या नासोनियांचे कोष काळे पडले असतानाच वेगळे करा. पंखांची आखूड घडी दिसली तर नर. एकेक वेगळ्या नळीत ठेवा.