फ्लॅम्बर्ज: 'नागमोडी' की 'ज्वालातलवार'?

प्रश्न: १६व्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांकडे, म्हणजे लान्ड्सक्नेख्टांकडे, जवळजवळ पुरुषभर उंचीची, वळणावळणाच्या पात्याची तलवार दिसते. संग्राहक तिला 'फ्लॅम्बर्ज' म्हणतात. मराठीत 'लहरी पात्याची तलवार' चालेल का?

प्रतिसाद १: 'लहरी' नको. ते विशेषण माणसांना इतकं चिकटलंय की पात्याला लावलं तर हसू येईल. जर्मनमध्ये 'फ्लामेनश्वेर्ट' आहे खरं, पण 'ज्वालातलवार' म्हटल्यावर पौराणिक मालिकेतली पेटती तलवार डोळ्यांसमोर येते. 'नागमोडी' घ्या. मात्र 'दुहाती' जोडायला विसरू नका. दुहाती तलवारी सरळ पात्याच्याही असत, आणि नागमोडी पातं एकहाती तलवारींनाही असे.

'फ्लॅम्बर्ज' जपून वापरावा. मध्ययुगीन फ्रेंच वीरगाथांत ते रनो द मोंतोबाँ या वीराच्या तलवारीचं विशेषनाम आहे, आपल्याकडे 'भवानी' आहे तसं. पात्याच्या आकाराशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला.

आणखी एक फरक शब्दांत यायला हवा. काही तलवारींत अख्खं पातंच डुलत जातं, तर काहींत मधली शीर ओळंब्यात सरळ असते आणि फक्त धारा वळवलेल्या असतात. पहिलीला 'नागमोडी पात्याची' आणि दुसरीला 'नागमोडी धारेची' म्हणावं. हे एकदा नजरेत बसलं की अशी तलवार बघण्याचा आनंद दुप्पट होतो. परजेच्या, म्हणजे मुठीवरच्या आडव्या दांडीच्या, पुढे बोथट ठेवलेला भागही बघा. पातं आखूड धरायचं असलं की तिथे हात जाई, म्हणून त्यावर चामडं चढवत. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना चोची असतात, समोरचं पातं घसरून हातावर येऊ नये म्हणून. आपण त्यांना सरळ 'चोची' म्हणूया, फार नेमका शब्द आहे.

प्रतिसाद २: जावाची नागमोडी पात्याची 'केरिस' यात आणू नये. ती कट्यारीच्या मापाची, आणि तिची स्वतःची परिभाषा आहे. वळणाला 'लुक' म्हणतात आणि लुकांची संख्या नेहमी विषम असते. पात्यावरच्या नक्षीला 'पामोर'. त्याला 'जौहर' (पोलादी पात्यावर दिसणारी लाटांसारखी नक्षी) म्हणण्याचा मोह होतो, पण जौहर पोलादाच्या अंगातच असतं. पामोर वेगवेगळ्या लोखंडांचे थर ठोकून काढतात. दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो लोकांची 'कालिस' मात्र तलवारीएवढी मोठी असते. तिला 'नागमोडी तलवार' म्हणायला हरकत नाही, पण मूळ नावासकट. सरळ पात्याची कालिसही असते.