'अनडॉक्युमेंटेड इन्स्ट्रक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जुन्या मायक्रोप्रोसेसरांवर लिहितोय. माहितीपुस्तिकेत नसलेल्या, पण चिप बिनतक्रार पाळते अशा आज्ञांना 'गुप्त आज्ञा' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : 'गुप्त' नको. गुप्त म्हटलं की कुणीतरी मुद्दाम दडवलं असा अर्थ होतो. १९७५ ची ६५०२ ही चिप घ्या. आज्ञा म्हणजे एक बाइटचा आकडा. असे २५६ आकडे, त्यांतल्या १५१ ना अधिकृत अर्थ. उरलेले १०५ कुणी दडवले नव्हते, त्यांचं काय होईल याची फिकीरच केली नव्हती. 'ए५' (हे आकडे हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात) म्हणजे बिटांत १०१००१०१ : मेमरीतला बाइट 'ए' रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या छोट्या कप्प्यात भर. 'ए६' म्हणजे १०१००११० : तोच 'एक्स'मध्ये भर. आणि 'ए७'? १०१००१११. शेवटचे दोन्ही बिट १ झाले की दोन्ही कामांच्या जोडण्या एकदम जाग्या होतात, बाइट दोन्हीकडे पोचतो. प्रोग्रामरांनी तिचं नाव ठेवलं 'लॅक्स'.

इंटेलच्या ८०८५ चिपची गोष्ट उलटी. तिथे असे दहाच आकडे, आणि त्या आज्ञा सरळसरळ विचारपूर्वक घडवलेल्या. ०८ दिला की 'एच' आणि 'एल' या रजिस्टरांच्या जोडीतून 'बी' आणि 'सी'ची जोडी वजा. इंजिनिअरिंगला असताना ८०८५ च्या सरावाच्या किटवर हीच वजाबाकी मी सहा आज्ञांत करायचो, एल आधी, मग उसना धरून एच. पुढे कधीतरी ०८ टाकून पाहिला आणि उत्तर एका फटक्यात आलं. तो आनंद अजून ताजा आहे.

दोन्ही जातींना पुरेल असा शब्द हवा. मी 'नोंदबाह्य आज्ञा' वापरतो. शाळाबाह्य, पटबाह्य आपल्या कानाला सवयीचे आहेतच. 'बेकायदा' तर अजिबात नको, चिपने कुठलाच कायदा मोडलेला नाही.

प्रश्न : पटला. आणि 'एम्युलेट करणे', म्हणजे एका चिपचं वागणं दुसऱ्या संगणकावर प्रोग्रामने हुबेहूब उभं करणं? नक्कल?

प्रतिसाद : नकलेला खोटेपणाचा वास येतो. मला 'वठवणे' आवडतं. नट भूमिका वठवतो, तसा एम्युलेटर चिप वठवतो. 'लॅक्स' वठवणं सोपं : दोन रजिस्टरं भरा, शून्य आणि ऋण हे फ्लॅग, म्हणजे उत्तर कसं आलं ते सांगणारे बिट, लावा. ६५०२ चीच '८बी' मात्र छळते. तिचं उत्तर चिपगणिक बदलतं, तापमानानेसुद्धा. मग लिहिणारा एक ठरावीक आकडा धरून चालतो. तिथे 'तंतोतंत' हा शब्द वापरू नका. ०२ या आज्ञेसाठी तो बिनधास्त वापरा : ती आज्ञा आली की खरी ६५०२ जागच्या जागी गोठते, रीसेटशिवाय हलत नाही. एम्युलेटरनेही तसंच गोठायला हवं.