नवी काळजी आली की देवाने मागे काय केलं ते आठवायचं, याने खरंच बळ मिळतं की ही फक्त मनाची समजूत?

वहीवाली (धागा सुरू करणारी)

आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, नऊ दिवस झाले. दिवसा कामात वेळ जातो पण रात्री झोप लागत नाही, आणि मग मी ती वही काढते. चौदा वर्षांपासून एका वहीत लिहून ठेवतेय की कुठे अडकले होते, काय मागितलं, पुढे काय झालं. पहिल्याच पानावर माझी नोकरी गेली तेव्हाचे सात महिने आहेत, त्यात एक ओळ आहे, 'आज काहीच झालं नाही, पण आजचा दिवस निघाला.' काल रात्री त्या एका ओळीवर मी किती वेळ थांबले माहीत नाही, पण नंतर झोप लागली.

प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं तर एक ताई म्हणाल्या, ही मनाची समजूत आहे, मागचं मागे, विश्वास आजचा लागतो. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. मला तर वाटतं आठवण ठेवणं हा विश्वासाचाच भाग आहे. बायबलात बघा ना, यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याने नदीतून १२ धोंडे उचलून आणायला लावले, वंशागणिक एक, आणि ते गिलगाल इथल्या मुक्कामी उभे केले. का, तर पुढे मुलं विचारतील हे धोंडे कसले, तेव्हा त्यांना सांगता यावं. म्हणजे माणूस विसरणार हे आधीच धरलेलं आहे ना. त्याआधी मोशेमागे मिसरातून (इजिप्तमधून) सुटल्यावर इस्राएलांनी तांबडा समुद्र पार करून गाणी म्हटली आणि तीनच दिवसांत पाणी मिळेना म्हणून मारा इथे कुरकुर सुरू झाली, तीन दिवस! मी त्यांना नावं ठेवत नाही, मला तर तीन दिवसही लागत नाहीत.

तुमचा अनुभव काय? विरोधी मत असेल तरी लिहा, मला खरंच ऐकायचंय.

काठावर

ताई, आईंसाठी वाईट वाटतं, रिपोर्ट चांगला यावा. पण तुम्ही विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो, नाहीतर या विषयावर मी गप्प बसतो.

माझ्या धाकट्या भावाचा मोठा अपघात झाला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि तो वाचला. घरच्यांनी मंडळीत (चर्चमध्ये) उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगितलं, मीही दिली. सहा वर्षांनी तो आजारी पडला तेव्हा येणारा प्रत्येक माणूस तेच म्हणत होता, ज्याने तेव्हा वाचवलं तो आता सोडेल का. आम्ही ते धरून बसलो, इतकं की त्याच्याशी जे बोलायला हवं होतं ते बोललोच नाही, कारण निरोपाचं बोलणं म्हणजे अविश्वास वाटायचा. तो गेला. आता ती जुनी साक्ष मला आठवली की बळ येत नाही, अंगावर येते. त्या साक्षीचं मी काय करायचं, कोणत्या वहीत लिहू?

आणि शास्त्राचंच म्हणाल तर १ शमुवेल ४ वाचा. पलिष्टी शत्रूंशी पहिल्या लढाईत हरल्यावर इस्राएलाच्या वडीलजनांना मागचे पराक्रम आठवले, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, शिलोहून मागवला, छावणीत इतका जयघोष झाला की जमीन दणाणली. पलिष्ट्यांनासुद्धा मिसरातल्या पीडा आठवल्या, ते घाबरले. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना देवाची मागची कामं आठवत होती. आणि इस्राएलाचे ३०,००० पायदळ पडले, कोश शत्रूने नेला. त्यांची छावणी कुठे होती? एबन-एजर इथे. त्याच नावाचा दगड पुढे ७ व्या अध्यायात शमुवेल संदेष्ट्याने उभा केला, तोच आपण साक्षीसाठी वापरतो, 'येथवर प्रभूने साहाय्य केले' वाला. आठवण होती, जयघोष होता, तरी हरले.

जुनीपाऊलवाट

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण मी काठावर यांच्याच बाजूने आहे.

यशया ४३ मध्ये देव स्वतःच म्हणतो की पूर्वीच्या गोष्टी मनात आणू नका, मी नवीन काही करतोय. आणि रानातला पितळेचा साप घ्या. मोशेने देवाच्याच आज्ञेने केला, साप चावलेले लोक त्याच्याकडे बघून वाचले, यापेक्षा मोठी आठवण कोणती? पण शेकडो वर्षांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. जी वस्तू देवाने दिली तीच अडसर झाली. मान्नाही बघा, रानात देव रोज द्यायचा ते अन्न, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे. मला भीती ही वाटते की आपण देवाला जुन्या उपकारांत बंद करून टाकतो, मागे असं केलंस ना मग आताही तसंच कर. मी स्वतः हे केलंय. लग्नाआधीच्या एका अनुभवाच्या जोरावर बरीच वर्षं जगलो आणि मध्ये प्रार्थना करायचीच राहून गेली.

रात्रपाळी

मी नर्स आहे, बाजू घ्यायला नाही आले, एक गोष्ट सांगते.

रात्री तीनला काळजी करणारा माणूस आठवत नसतो असं नाही, तो आठवतच असतो, फक्त वाईट तेवढंच. मन घाबरलेलं असलं की त्याला घाबरवणाऱ्या गोष्टी पटापट सापडतात आणि चांगल्या सापडत नाहीत, हे मी पेशंटच्या नातेवाइकांत रोज बघते. कोणाची तरी शेजारीण गेली, कोणाचा तरी काका गेला, सगळं आठवतं, पण आपलाच माणूस मागच्या ऑपरेशनमधून उठून घरी गेला ते आठवायला दुसऱ्याने सांगावं लागतं. म्हणून मला वही पटते. ती खोटी समजूत नाही, झुकलेला काटा जरा सरळ करणं आहे. स्तोत्र लिहिणाराही आपल्या जिवालाच बजावतो ना, की त्याचे सर्व उपकार विसरू नकोस, म्हणजे जीव आपोआप आठवणार नाही हे त्याला माहीत होतं.

पण ताई, झोप रोजच जात असेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांशी बोला. त्याने विश्वास कमी होत नाही. आणि आईंच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही एका कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर काहीच सुचत नाही.

वहीवाली

रात्रपाळी ताई, प्रश्नांचा कागद आजच करते, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

काठावर दादा, तुमचं दोनदा वाचलं. उत्तर म्हणून नाही लिहीत, भावाबद्दल उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही.

पण १ शमुवेल मी काल रात्री परत काढलं, ४ पासून ७ पर्यंत. चौथ्या अध्यायात त्यांना देव आठवला का, की कोशाची ताकद आठवली? त्यांनी देवाला काही विचारल्याचं तिथे दिसत नाही, कोश आणू म्हणजे तो आपल्याला वाचवील एवढंच. सातव्यात मात्र उपास आहे, पाप कबूल करणं आहे, परके देव टाकून देणं आहे, आणि मग शमुवेल दगड उभा करून म्हणतो 'येथवर'. मी आयुष्यभर ते नाव ऐकत आले पण त्या 'येथवर'कडे नीट बघितलंच नव्हतं. तो उद्याचं काहीच म्हणत नाही. तुमच्या घरी आलेल्या लोकांनी त्या शब्दाचं 'यापुढेही असंच' करून टाकलं, आणि खरं सांगायचं तर आईच्या बाबतीत मीही मनात तेच करत होते, तुमचं वाचेपर्यंत लक्षात आलं नाही.

जुनीपाऊलवाट दादा, मान्नाचं अर्धंच सांगितलंत! किडे पडायचे खरं, पण त्याच अध्यायात मोशे आपल्या भावाला, अहरोनाला, सांगतो की एक ओमरभर (तेव्हाचं एक माप) मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांसाठी ठेव, रानात काय खायला घातलं ते त्यांना दिसावं म्हणून. खायला साठवला त्यात किडे पडले, आणि एक भांडं खास बघण्यासाठी ठेवायला लावलं. मला वाटतं माझ्या वहीचं तसंच असावं. ती आज खायला नाही, आजचं आजच मागायचं, पण कोण देत होता ते दिसावं. आणि यशयाच ४६ मध्ये म्हणतो, पूर्वीच्या गोष्टी आठवा. एकाच पुस्तकात दोन्ही आहे, मग एकच वाक्य धरून कसं चालेल?

जुनीपाऊलवाट

भांड्याचं मान्य, ते माझ्या डोक्यात नव्हतं. ४३ आणि ४६ चं म्हणाल तर फरक मला असा दिसतो की ४३ मध्ये जुन्या सुटकेतच अडकू नका असं आहे आणि ४६ मध्ये मूर्तींपुढे वाकणाऱ्यांना मी कोण आहे ते आठवा असं आहे. म्हणजे पद्धत विसरा, देव विसरू नका. पण आपण नेमकं उलटं करतो, पद्धत पाठ असते. मी वही ठेवणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्ही ठेवा.

काठावर

'येथवर' बद्दल लिहिलंत ते प्रामाणिक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझा प्रश्न तिथेच आहे. प्रेषितांची कृत्ये १२ उघडा. हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारतो, मग दुसरा शिष्य पेत्र याला धरून तुरुंगात टाकतो, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात. एकच मंडळी, एकच राजा. पेत्राच्या घरच्यांकडे साक्ष आहे, याकोबाच्या घरच्यांकडे काय आहे? आपण रविवारी साखळ्यांवर बोलतो, याकोबाला एक वाक्य. वहीत सगळे पेत्रच असतील तर ती वही खरी नाही, एवढंच माझं म्हणणं.

संध्याछाया

वय ७४. एवढ्या वयात बरंच उलटसुलट पाहिलं म्हणून लिहितो, टायपिंगच्या चुका माफ करा.

काठावर बाळा, तू म्हणतोस ते बरोबर आहे आणि शास्त्रही तुझ्याच बाजूने बोलतं. स्तोत्र ४४ बघ. सुरुवात कशी, आमच्या वाडवडिलांनी तुझी कामं आम्हाला सांगितली. आणि शेवटाकडे काय, जागा हो, झोपलास का. त्यांना आठवत होतं म्हणूनच ते देवाला इतकं धारेवर धरू शकले. ज्याच्याकडून काही मिळालंच नाही त्याच्यावर माणूस असा रुसत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी लोकांनी ते गाळलं नाही, जपून ठेवलं. आणि ७७ मध्ये स्तोत्रकार आसाफ झोप लागत नाही म्हणतो, आपल्या ताईंसारखंच, देव दया करायची विसरला का असं विचारतो, मग मागची कामं आठवू लागतो आणि समुद्रातल्या वाटेपाशी जाऊन थांबतो. त्याचं संकट टळलं की नाही ते स्तोत्र सांगत नाही. मी हे पन्नास वर्षं वाचतोय आणि दर वेळी वाटतं पुढे एक कडवं असेल. नाही.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी काहीच आठवू शकलो नाही, मंडळीतले दोघे दर आठवड्याला येऊन बसायचे आणि आमचे जुने दिवस तेच आठवायचे, मी नुसता ऐकायचो. कधीकधी आठवण दुसऱ्याने वाहायची असते. आणि ते दोघे एकदाही म्हणाले नाहीत की सगळं ठीक होईल.

रात्रपाळी

आजोबा, शेवटचं वाक्य आमच्या वॉर्डात लावायला हवं.

वहीवाली

आत्ताच हॉस्पिटलमधून फोन आला, रिपोर्ट उद्या ११ वाजता. हात थरथरतायत.

काठावर दादा, वही चाळली. तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. मावशीसाठी दोन वर्षं प्रार्थना केली होती, ती गेली, आणि वहीत त्या दोन वर्षांची पानं आहेत पण ती गेली त्या दिवसाचं पानच नाही. मी लिहिलंच नव्हतं. आज बसून लिहिलं, नुसती तारीख आणि 'मावशी गेली. का ते कळलं नाही.' मग त्याखाली ती शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून काय म्हणाली तेही आठवलं, ते इतकी वर्षं आठवलंच नव्हतं कारण ते पान मी टाळत होते. ते इथे लिहीत नाही.

तुमच्या भावाचं नाव विचारणार नाही, पण उद्या आईसाठी प्रार्थना करताना तुमचंही नाव घेईन, चालेल ना?

काठावर

चालेल.

मत बदललेलं नाही. पण मी शेवटच्या महिन्यात भावाच्या खोलीत झोपायचो आणि तो रात्री मला उठवून लहानपणीचं काहीबाही सांगायचा, ते मी कधीच साक्षीत धरलं नाही कारण त्यात कोणी वाचलं नव्हतं. आज दुपारपासून तेच आठवतंय.

उद्या ११ ला मी प्रार्थना करीन की नाही सांगता येत नाही. काय आलं ते मात्र लिहा, जे असेल ते.